घुसळकाका

प्रत्येक गावात एक तरी माणूस असा निघतो, ज्याला जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर एकच औषध सापडलेलं असतं. कुणाला त्रिफळा, कुणाला विपश्यना, कुणाला म्युच्युअल फंड. तुम्ही गुडघ्याचं रडगाणं गा, पोराच्या नोकरीचं गा, नाहीतर वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्याचं गा. फिरून फिरून तो तुम्हाला त्या औषधापाशीच आणून उभा करतो. लखनौत आम्ही मराठी माणसं तशी मूठभर, पण याही बाबतीत आमचं काही अडलेलं नाही. आमच्या वाट्याला जो आला आहे त्याचं औषध म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे न वितळवता एकजीव करण्याची रीत. तिचं शाळेतलं नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. गणपतीच्या मांडवात काकांनी ती एकदा ताकाच्या रवीवरून समजावून सांगितली, तेव्हापासून पोरं त्यांना घुसळकाका म्हणू लागली. काकूंनीही ते नाव उचललं आणि प्रश्न मिटला.

काका दिसायला चारचौघांसारखेच. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि पेनांच्या शेजारी एक व्हर्निअर कॅलिपर. तो शोभेचा नाही. चौक भागातल्या एका दावतीत त्यांनी रुमाली रोटीची जाडी चार ठिकाणी मोजली आणि आचाऱ्याला बोलावून शाबासकी दिली, कारण चारही ठिकाणी ती सारखी भरली. आचारी पक्का लखनवी होता. त्याने अदबीने विचारलं, "हुज़ूर, खाएँगे भी?"

लखनौ हे हळू बोलणाऱ्यांचं शहर. इथे रिक्षावालाही भाडं नाकारताना माफी मागतो. भातखंड्यांनी १९२६ साली इथे गाण्याचं मॅरिस कॉलेज उभं केलं तेव्हा लखनौला मराठी कान कळला. मराठी घसा काय चीज आहे ते काकांनी दाखवलं. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची उमेदवारी ओझरला झाली, मिग-२१च्या हँगरात. पत्र्याच्या बाहेरून रिव्हेटची बंदूक चालायची आणि आतून, विमानाच्या पोटात वाकून, कोणीतरी पोलादी ठोकळा दाबून धरायचा. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. काका डॉलीवर होते. दिवसभर कानाशी ते तडतडणं. हळूहळू कान उतरले आणि आवाज चढला, तो आजतागायत खाली आलेला नाही. रिव्हेटशी त्यांचं वैर तिथलं. तांत्रिक कारणं मागाहून आली, असं माझं मत आहे. त्यांच्यासमोर मी ते मांडलेलं नाही.

पुढे ते बदलीवर लखनौच्या कारखान्यात आले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा विभाग १९७० सालचा. इथे विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा होते, इंधनाची यंत्रणा होते, डायलं आणि काटे होतात. विमानाची कातडी मात्र होत नाही. म्हणजे ज्या विद्येवर काकांनी पुढे जीव टाकला, ती त्यांच्या टेबलावर नोकरीभर कधी आलीच नाही. नव्वदच्या दशकात कुठल्याशा वेल्डिंगच्या मासिकात त्यांनी वाचलं, की डिसेंबर १९९१मध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि मंडळींनी वितळवण्याच्या भानगडीत न पडता ॲल्युमिनियम जोडायची युक्ती काढली. तिथे माणूस जो घसरला तो घसरलाच. "बरं झालं आमचं लग्न आधी उरकलं होतं," काकू म्हणतात, "नाहीतर मुलगी बघायला केंब्रिजला गेले असते."

रीत ऐकायला सोपी आहे, आणि ती ऐकल्याशिवाय काकांकडे चहा मिळत नाही. दोन पत्रे कडेला कड लावून पोलादी पाटावर घट्ट आवळायचे. वरून कठीण पोलादाचं हत्यार गरगर फिरवत आणायचं. त्याला वर रुंद खांदा, खाली छोटीशी पिन. पिन सांध्यात घुसते, खांदा पत्र्यावर टेकून घासत राहतो, घासण्याने उष्णता होते आणि धातू मऊ पडतो. मऊ पडतो, वितळत नाही! इथे काका टेबलावर बोट आपटतात आणि बशी उडते. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश लागतात. इथलं काम त्याच्या बरंच अलीकडे, साडेचारशे-पाचशेच्या घरात भागतं. मग हत्यार सांध्यावरून सरकत जातं, पुढचा धातू ढवळून मागे टाकत जातं, आणि मागे दोन पत्र्यांचा एक पत्रा होऊन बसतो.

एवढा खटाटोप कशाला, तर विमानाला लागणारी ॲल्युमिनियमची मिश्रणं मोठी मानी. २०२४ म्हणा, ७०७५ म्हणा. तांबं, जस्त, मॅग्नेशियम घालून, तापवून, विझवून, मुरवून त्यांच्यात ताकद आणलेली असते. साध्या वेल्डिंगने वितळवली की ती थिजताना तडकतात, आणि मुरवलेली ताकद जाते ती वेगळीच. म्हणून विमानवाले पिढ्यान् पिढ्या भोकं पाडून रिव्हेट मारत आले. मुरण्याचा हा गुण आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन माणसाच्या हाती १९०६ साली लागला. तापवून विझवलेला तुकडा त्याने दोनेक दिवस तसाच पडू दिला, मग मोजला, तर तो आपोआप कठीण झालेला. "जगातली विमानं एका माणसाच्या सुट्टीवर उडतात," असं काका सांगतात. हा इतिहास नेमका रविवारी दुपारी निघतो, काकू पिशवी हातात देऊन भाजीला पिटाळायच्या बेतात असतात तेव्हा.

काकांबरोबर विमानप्रवास करू नये. मी केला आहे. अमौसीच्या विमानतळावर त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली, ती ढगांसाठी नव्हे, पंखावरचे रिव्हेट बघायला. "बोइंग ७४७ला ६० लाख भाग असतात," ते मला म्हणाले, म्हणजे पुढच्या-मागच्या तीन-तीन रांगांना म्हणाले, "आणि त्यातले निम्मे नुसते जोडायचे! अरे, प्रत्येक रिव्हेटला एक भोक, प्रत्येक भोकापाशी पत्रा पत्र्यावर चढवायचा, त्याचं वजन वेगळं. आपण माणसं नेतोय की भोकं नेतोय?" विमान धावपट्टीकडे वळलं तेव्हा काका २८ एप्रिल १९८८वर आले. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं ७३७; रिव्हेटांच्या भोकाभोकांतून सुटलेल्या बारीक चिरा एकमेकींना मिळाल्या आणि २४ हजार फुटांवर पुढच्या छताचा तुकडाच्या तुकडा उडून गेला. "पण उतरवलं हां त्यांनी!" काकांनी सगळ्यांना धीर दिला. पलीकडच्या बाईंनी तोवर हनुमान चालीसा काढला होता. हवाईसुंदरीने येऊन आवाज कमी करायची विनंती केली. काकांना ती ऐकू आली नाही.

त्यांचं आराध्यदैवत म्हणजे एक्लिप्स ५००. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला बनलेलं चिमुकलं जेट. त्याची कातडी आणि आतल्या पट्ट्या बऱ्याचशा याच रितीने जोडल्या. एका विमानामागे ७,०००वर रिव्हेट वाचले. २००६मध्ये त्याला परवाना मिळाला तेव्हा काकांनी आमच्या मराठी मंडळात पेढे वाटले. काय झालं म्हणून विचारणाऱ्यांना नातू झाला असं सांगून काकूंनी वेळ मारून नेली. पुढे २००८च्या नोव्हेंबरात त्या कंपनीने दिवाळं काढलं. मंडळाच्या हिशेबनीसांनी ती बातमी मुद्दाम छापून आणली. काकांनी चष्मा पुसून शांतपणे वाचली. "कंपनी मोडली," ते म्हणाले, "सांधा नाही."

खरं दुखणं त्या दिवाळ्याचं नव्हतंच. ॲल्युमिनियम जोडण्याची ही विद्या वयात आली आणि नेमकी त्याच वेळी मोठी विमानं ॲल्युमिनियमकडे पाठ फिरवू लागली. २००९ साली उडालेल्या बोइंग ७८७च्या रचनेचं निम्मं वजन कार्बन फायबर आणि त्याच्या भाऊबंदांचं. काका त्याला 'ते काळं कापड' म्हणतात, त्याहून जास्त काही म्हणत नाहीत. विद्येला घरात घेतलं ते रॉकेटांनी, जपानी रेल्वेच्या डब्यांनी. फाल्कन ९च्या टाक्यांचे सांधे याच रितीचे. २०१२मध्ये तर ॲपलने आयमॅकची पुढची-मागची बाजू जोडायला ती वापरली. त्या दिवसांत हजरतगंजातल्या एका दुकानात एक वृद्ध गृहस्थ येत, पडद्याकडे ढुंकूनही न पाहता यंत्राच्या कडेवरून अंगठा फिरवत, मान डोलवत आणि काही न विचारता निघून जात. दुकानातल्या पोरांनी त्यांना आधी चोर समजलं, मग इन्स्पेक्टर. शेवटी ते त्यांना खुर्ची देऊ लागले.

बडा इमामबाड्यालाही काकांनी सोडलेलं नाही. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याला ते भूलभुलय्याकडे जाऊ देत नाहीत, मधल्या दालनात धरून ठेवतात. आसफउद्दौलाने १७८४मध्ये काम काढलेलं, जवळजवळ ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद, आणि छताला एकही तुळई नाही. "दाखव, एक रिव्हेट दाखव!" काका गाइडला म्हणतात. विटा आणि चुन्याच्या इमारतीत रिव्हेट कुठून यायचा, हे विचारायची पाहुण्याची छाती होत नाही.

एवढ्या न-वितळवणाऱ्या माणसाचा जिवलग मित्र गलाईवाला असावा, ही लखनौची करणी. चौकाच्या सराफ्यात ज्यांचं दुकान आहे ते आमचे शेठ खानापूर तालुक्यातले, विट्याकडचे. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळत बसली आहेत. मूस, भट्टी आणि तेजाब, एवढंच भांडवल. शेठचं अख्खं आयुष्य वितळवण्यात गेलं. सोनं १०६४ अंशांना वितळतं, हा आकडा त्यांना काकांनी सांगितला. तोवर ते रंगावरून ओळखत होते आणि त्यानंतरही रंगावरूनच ओळखतात.

दोघांचा वाद शेठच्या गादीवर चालतो.

"वितळलं की संपलं, शेठ! त्याची घडण गेली."

"आवो सायेब, तुमी नुसतं घासताय. घासून काय कळतंय? मुशीत घाला, मग बघा दागिना काय बोलतोय."

"मुशीत घातल्यावर दागिना राहतो कुठे?"

"दागिना ऱ्हात न्हाई. सोनं ऱ्हातंय."

यावर काकांना उत्तर सुचत नाही, म्हणून ते आवाज वाढवतात. भट्टीवरचं पोर मूस चिमट्यात तशीच धरून ऐकत राहतं. खाली गल्लीत माणसं थबकतात. मराठीत कोणी तरी कोणाचा तरी जीव घेतंय अशा समजुतीने शेजारचा अत्तरवाला माणूस पाठवतो. हिवाळा असला तर त्याच्या हाती मक्खन मलाई असते. ती खाताना दोघं गप्प असतात. मैत्री टिकून राहण्याचं श्रेय मी त्या अत्तरवाल्याला देतो.

निवृत्तीनंतर काकांनी जन्माची हौस भागवायचं ठरवलं. चिनहटला एका उस्तादांचा वर्कशॉप आहे, पंपांचे शाफ्ट आणि गिअरची कामं करणारा. त्यांच्याकडे जुनं उभं मिलिंग मशीन आहे. ही विद्या मिलिंग मशीनवरही होते. इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं अशीच करतात. उस्तादांनी काकांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, ही त्यांची थोरवी, आणि म्हणाले, "मशीन आपकी, हम भी आपके."

मी साक्षीला होतो. ६ मिलिमीटर जाडीचे ६०६१चे दोन तुकडे. काकांनी त्यांच्या कडा कानशीने घासल्या, ॲसिटोनने पुसल्या, दाराच्या उजेडाशी धरल्या, पुन्हा घासल्या. हत्यार एच-१३ पोलादाचं, उस्तादांनीच लेथवर काढलेलं, पिन ५.७ मिलिमीटर, पत्र्याच्या जाडीहून केसभर आखूड. लांब झाली तर खालच्या पाटात रुतणार, फार आखूड राहिली तर तळाशी सांधाच होणार नाही. मशीनचं डोकं २ अंश कललेलं. "हजारावर घ्या!" काका ओरडले. पिन पत्र्याला टेकली तशी कर्कश किरकिर आली, मग ती घोगरी झाली आणि पिनेभोवती ॲल्युमिनियमची चकचकीत कडी वर आली. खांदा टेकला. काका घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होते. मग फीड दिली. हत्यार मुंगीच्या पावलांनी निघालं आणि मागे अर्धगोल रेषा एकीवर एक चढत गेल्या. एका बाजूने पातळ पापुद्रा सुटत होता. ठिणगी नाही, धूर नाही, डोळ्यांवर काळी काच नाही. शेवटी हत्यार उचललं तिथे पिनेचं भोक राहिलं. ते राहतंच, तेवढा तुकडा कापून टाकायचा असतो. उस्ताद त्या पट्टीवर बोट फिरवून म्हणाले, "माशाअल्लाह, क्या नफ़ासत है." काकांना हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

मग सांध्याची एक पट्टी कापली, व्हाइसमध्ये धरली आणि वाकवली. वरून अखंड दिसणारा तो सांधा तळाकडून उघडला, अगदी सरळ रेषेत, जणू कधी जोडलाच नव्हता. दोन कडा नुसत्या टेकून बसल्या होत्या. या व्यंगाला वेल्डिंगवाले चुंबनाचं नाव देतात. ते एक्स-रेलाही चकवू शकतं, आणि भार मात्र पेलत नाही. काका बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले. उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जनाब," ते म्हणाले, "ये जोड़ नहीं था, मुरव्वत थी."

त्या दिवसापासून काकांना मुरव्वतीचे सांधे सगळीकडे दिसू लागले. मंडळाचे आजी आणि माजी अध्यक्ष कोजागरीला एकमेकांना दुधाचा पेला पुढे करू लागले की काका मागून मला ढोसतात: "तळाशी काही नाही बरं का." एका लग्नात अक्षता पडत असतानाच ते हे म्हणाले. काकूंनी तिथल्या तिथे त्यांच्या हातात पानाचा विडा कोंबला.

त्यांना निरुत्तर करणारी एकच मुलगी मला माहीत आहे. कानपूरला आयआयटीत शिकणारी, दिवाळीच्या कार्यक्रमाला आलेली. काकांचं सगळं ऐकून ती म्हणाली, "पण काका, रिव्हेटच्या सांध्यापाशी भेग थांबते ना? एका पत्र्यातली दुसऱ्यात जात नाही. तुमच्या अखंड कातडीत तिला अडवणार कोण?" काका गप्प झाले. फराळाची दुसरी फेरी झाली, गाणी झाली, आभार झाले, काका गप्पच. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता माझा फोन वाजला. "तिला सांग, भेग अडवायला आतून जाड पट्ट्या ठेवायच्या. आणि प्रश्न चांगला होता हेही सांग." मुलगी तोवर कानपूरच्या गाडीत बसली होती.

गेल्या गणपतीत मंडळाची ॲल्युमिनियमची शिडी मोडली. पायाकडचं ब्रॅकेट सुटलं. मखरावरचे दिवे लावायचे राहिलेले. हिशेबनीस नव्या शिडीला पैसे देईनात. काकांनी शिडी ताब्यात घेतली आणि मला बरोबर घेतलं. ई-रिक्षात काका मागे, शिडी आडवी, मी शिडीच्या खाली, असे आम्ही चिनहटला पोचलो.

उस्तादांनी शिडी फिरवून पाहिली. आत पोकळ नळी, भिंत दीड-दोन मिलिमीटरची. त्यावर खांदा टेकवून काहीशे किलोंचा दाब दिला तर नळी चपटी होणार. काका म्हणाले, आतून आधार द्यायचा, खास फिक्स्चर करायचं, आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर ते तिथल्या तिथे काढूही लागले. चित्र चांगलं होतं. उस्तादांनी ते दोन्ही हातांनी धरून पाहिलं. "निहायत उम्दा. दस दिन लगेंगे. विसर्जन कब है, हुज़ूर?"

विसर्जन पाच दिवसांवर होतं. काका उठले आणि समोरच्या टपरीवर चहाला निघून गेले, पाठ वर्कशॉपकडे करून. उस्तादांनी शागिर्दाला डोळ्याने खूण केली. त्याने रिव्हेटांचा डबा काढला, ब्रॅकेट जागेवर बसवलं आणि हातोडी चालवायला सुरुवात केली.

दुसरा ठोका पडला नाही तोच काका दारात. दुचाकीचा भोंगा ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना तो ठोका कसा ऐकू गेला हे मला अजून उलगडलेलं नाही. "अरे, असा मारतात रिव्हेट? भोक किती, रिव्हेट किती? दे इकडे." त्यांनी व्हर्निअर काढला. मागचं डोकं रिव्हेटच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं व्हायला हवं. झालं होतं भलतंच. काकांनी बाह्या सावरल्या, कोपऱ्यातला पोलादी ठोकळा उचलून माझ्या हातात दिला आणि मला शिडीच्या पलीकडे बसवलं. "दाबून धर. हात हलवायचा नाही. काहीही झालं तरी."

चार रिव्हेट बसले. काकांनी चारही डोकी मोजली, तिसरं नापास केलं, ड्रिलने उडवलं आणि नवीन मारलं. शिडी उस्तादांनी स्वतः चढून पाहिली. माझा उजवा कान रात्रीपर्यंत बंद होता, त्यामुळे परतीच्या ई-रिक्षात काका त्या काळ्या कापडाविषयी जे काही तावातावाने सांगत होते, ते मला इथे देता येत नाही.